उन्हाळ्यात बर्फ कमी, मे महिन्यात ट्रिप, डिसेंबरात बर्फ सुटत नाही: आइस मशीनचा दरवर्षीचा बिघाड कसा शोधायचा

एप्रिल लागला की नागपुरातल्या हॉटेलांतून, लॉनवाल्यांकडून, ज्यूस सेंटरांतून एकच निरोप येतो: "भाऊ, मशीन बर्फ देऊन नाही राहिली. गॅस संपला वाटते, भरून द्या न." मेकॅनिक येतो, गेज (प्रेशर मोजायचं मीटर) लावतो, सक्शन, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं प्रेशर, जरा खाली दिसतं, गॅस मारतो. काही दिवस बरं चालतं. मग नवतपा (मे अखेरचे सगळ्यांत तापलेले नऊ दिवस) येतो आणि तीच मशीन भर दुपारी हाय प्रेशरवर ट्रिप व्हायला, म्हणजे प्रेशर वाढून आपोआप बंद पडायला लागते. आता दुसरा कोणीतरी येऊन थोडा गॅस काढतो. डिसेंबरात थंडी पडली की प्लेटवर बर्फ जमतो, पण सुटत नाही. पुन्हा गॅसच्याच नावानं बोंब. वर्षभरात तीन वेळा पैसे गेले आणि मूळ दुखणं जागच्या जागी.

या तिन्ही तक्रारी बहुतेक वेळा एकाच चुकीच्या सवयीतून येतात: आधी गेज, मग विचार. रेफ्रिजरंट, म्हणजे हाच गॅस, गाडीतल्या पेट्रोलसारखं खर्च होत नाही. ते बंद नळ्यांतून फिरत राहतं. कमी झालं असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती सापडलीच पाहिजे. गळती नसेल तर गॅस कमी नाही, आणि वरून मारलेला प्रत्येक ग्रॅम पुढच्या बिघाडाची तयारी आहे. म्हणून इथे क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. हवा, पाणी आणि बर्फाचा चेहरा आधी, गेज त्यानंतर, आणि गॅसचा सिलेंडर सगळ्यांत शेवटी.

खाली जे लिहिलं आहे ते हॉटेलांत सगळ्यांत जास्त दिसणाऱ्या मशीनसाठी आहे: उभ्या प्लेटवरून पाणी सोडून क्यूब बनवणारी, हवेवर थंड होणारा कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पत्र्यांची कॉइल) असलेली, आर-४०४ए गॅसवर चालणारी. आर-१३४ए असेल तर प्रेशरचे आकडे बदलतील, तर्क तोच राहील.

आधी ठरवा, बिघाड आहे तरी का

मशीनच्या माहितीपत्रकावर "दिवसाला इतके किलो" असा जो मोठा आकडा असतो, तो बऱ्याचदा २१ अंश हवा आणि १० अंश पाणी धरून दिलेला असतो. दुसरा, लहान अक्षरातला आकडा ३२ अंश हवा आणि २१ अंश पाण्याचा. नागपुरात मे महिन्यात सावलीतली हवा ४५ च्या आसपास असते. २३ मे २०१३ ला तर शहरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी ३८-४० ला सहज पोचतं.

हिशेब करून बघा. एक किलो पाणी शून्यावर आल्यानंतर त्याचा बर्फ करायला ३३४ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. १० अंशांचं पाणी शून्यावर आणायला त्यात ४२ जोडा, म्हणजे ३७६. पाणी ३८ अंशांचं असेल तर ४२ च्या जागी १५९, म्हणजे ४९३. तेवढ्याच बर्फासाठी ३० टक्क्यांहून जास्त काम, आणि तेही अशा कंडेन्सरवर जो स्वतःच गरम हवेत धापा टाकतो आहे. मशीन ठणठणीत असली तरी मे महिन्यात बर्फ कमीच पडणार. किती कमी, ते कंपनीच्या सर्व्हिस पुस्तिकेतल्या तक्त्यात हवेच्या आणि पाण्याच्या तापमानानुसार दिलेलं असतं. तो तक्ता नसेल तर मागवून घ्या. त्याच्याशिवाय "बर्फ कमी" या शब्दांना काही अर्थ उरत नाही.

प्रत्यक्ष किती पडतो ते मोजायला साधारण दीड तास लागतो. मशीन चालू होऊन दोन-तीन फेऱ्या होऊ द्या. मग एका फेरीचा सगळा बर्फ स्वच्छ टबमध्ये झेला, वजन करा, आणि गोठण्याची व सुटण्याची मिनिटं घड्याळावर लिहा. समजा २४ मिनिटं गोठायला, २ मिनिटं सुटायला, आणि पाट (एका फेरीत प्लेटवरून सुटणारा सगळा बर्फ) भरला २.२ किलोचा. दिवसाची १४४० मिनिटं भागिले २६, म्हणजे ५५ फेऱ्या, म्हणजे साधारण १२० किलो. हा आकडा तक्त्यातल्या आकड्याच्या दहा टक्क्यांच्या आत असेल, तर मशीनला हात लावू नका. गिऱ्हाईक वाढलं असेल, लग्नाचा सीझन असेल, किंवा बिनचं (बर्फ साठवायच्या पेटीचं) झाकण दिवसभर उघडं राहत असेल. अशा वेळी गॅस मारणं म्हणजे चांगल्या मशीनला आजारी पाडणं.

तापमान मोजायचं ते मशीन जिथून हवा ओढते त्या जाळीपाशी, आणि पाणी मशीनच्या इनलेटला. वर्तमानपत्रातलं तापमान इथे चालत नाही. आणि थर्मामीटरही तपासलेला हवा. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले, बातमी देशभर गेली, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरमध्येच बिघाड होता. आपल्याकडे तर तपासणीचं साधन मशीनमध्येच पडलेलं असतं. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ग्लासात घालून ढवळा, प्रोब बुडवा, शून्य यायला हवं. गेजही लावण्याआधी हवेत शून्यावर आहे का बघा. काटा पाच पीएसआय (प्रेशरचं एकक) पुढे बसलेलं गेज आख्खं निदान चुकवतं.

हवा

कंडेन्सरमध्ये गॅसचं द्रव होताना त्याचं तापमान आत येणाऱ्या हवेपेक्षा साधारण १५ अंशांनी वर असतं. म्हणजे जाळीपाशी ३२ अंश असतील तर आत ४७, आणि आर-४०४ए चं प्रेशर ३०० पीएसआयच्या जवळपास. जाळीपाशी ४५ असतील तर आत ६०, आणि प्रेशर थेट ४०० पीएसआय. बऱ्याच मशीनचा हाय प्रेशर कटआउट (प्रेशर जास्त झालं की मशीन बंद करणारा स्विच) ४५० च्या आसपास लावलेला असतो. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी स्वच्छ कंडेन्सर असूनही आपण ट्रिपच्या उंबरठ्यावर उभे असतो. त्यावर थोडी धूळ, थोडा जास्तीचा गॅस किंवा तंदूरकडून येणारी एक झुळूक पुरे.

सावजी भोजनालयाच्या किंवा कुठल्याही तळणाच्या स्वयंपाकघरात कंडेन्सरवर नुसती धूळ बसत नाही, तेलकट लुकण बसतं. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि आतल्या बाजूला पत्र्यांच्या मध्ये वाकळ भरलेली असते. टॉर्च घ्या, फॅनच्या बाजूनं मारा आणि समोरून बघा. उजेड आरपार दिसला पाहिजे. नुसत्या ब्रशनं तेलकट थर निघत नाही, उलट आत ढकलला जातो. वीज बंद करून, फॅनच्या मोटारवर आणि बोर्डावर प्लास्टिक गुंडाळून, ॲल्युमिनियमला चालणारं कॉइल क्लीनर वापरा आणि हवा ज्या दिशेनं जाते त्याच्या उलट्या बाजूनं हळू धारेनं धुवा. जोराचा प्रेशर वॉशर पत्रे लोळवून टाकतो. उन्हाळ्यात सावरीचा कापूस उडतो तेव्हा गच्चीवरच्या आणि झाडाजवळच्या युनिटकडे आठवड्याला बघावं लागतं.

दुसरी गोष्ट, मशीनची स्वतःचीच गरम हवा परत तिच्याच तोंडात जाते का. भिंतीला चिकटवलेली, काउंटरखाली कोंबलेली मशीन हे हमखास करते. जाळीपाशी आणि खोलीच्या मध्यावर, दोन्हीकडे तापमान मोजा. पाच अंशांहून जास्त फरक असेल तर मशीन सरकवा किंवा गरम हवा पत्र्याच्या डक्टनं बाहेर काढा. यावर गॅसचा काही उपाय नाही.

नागपुरात एक चांगली सोय आपल्या हाताशी आहे, ती म्हणजे कूलर. मे महिन्यातली ४५ अंशांची कोरडी हवा चांगल्या कूलरमधून ३० च्या आसपास होऊन येते. ही हवा जाळीसमोर सोडली तर हेड प्रेशर (कंडेन्सरच्या बाजूचं प्रेशर) डोळ्यांदेखत शंभर पीएसआयनं उतरतं. मी हा उपाय मनापासून सुचवतो, पण दोन अटींवर. कूलर पुरेसा लांब ठेवा, म्हणजे पाण्याचे थेंब कंडेन्सरवर उडणार नाहीत. आणि पाऊस सुरू झाला की बंद करा, कारण दमट हवेत तो काही करत नाही. काही ठिकाणी कंडेन्सरवर सरळ पाइपनं पाणी मारतात. बोअरचं पाणी असेल तर एकाच उन्हाळ्यात पत्र्यांवर पांढरा क्षार बसतो, तो निघत नाही, आणि पुढच्या वर्षी नवीन कंडेन्सर बसवावा लागतो.

पाणी

पेंच आणि कन्हानचं नळाचं पाणी वेगळं, बोअरचं वेगळं, आणि उन्हाळ्यातल्या टँकरचं तर रोज वेगळं. मशीन एकच असते, पण तिच्यापुढे येणारं पाणी दर महिन्याला बदलतं.

सगळ्यांत फसवा बिघाड फ्लोट किंवा इनलेट व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, आणि गोठण्याच्या वेळीही टाकीतलं गरम पाणी बारीक धारेनं आत येत राहतं. मशीन ते पाणी थंड करते, ते ओसंडून वाहून जातं, पुन्हा नवीन गरम पाणी येतं. गोठायला चाळीस-चाळीस मिनिटं लागतात, बर्फ पातळ, कॉम्प्रेसर गरम. लक्षणं हुबेहूब कमी गॅसची. तपासायला एक फेरी लागते: मशीनमधलं पाण्याचं कुंड भरल्यानंतर बाहेरचा नळ बंद करा आणि ती फेरी तशीच पूर्ण होऊ द्या. वेळ एकदम कमी झाली तर दोष व्हॉल्व्हचा. ड्रेनच्या नळीखाली हात धरूनही कळतं. गोठण्याच्या मधल्या वेळात तिथून सतत पाणी येत असेल, तर ते कुठून येतं ते शोधा. डंप व्हॉल्व्ह (कुंडातलं जुनं पाणी बाहेर सोडणारा) गळत असेल तरी हेच होतं, फक्त तेव्हा थंड झालेलं पाणी गटारात जातं.

क्षाराचं दुखणं वेगळं. प्लेटवर बसलेल्या थरामुळे बर्फ धरून राहतो आणि हार्वेस्ट, म्हणजे बर्फ सुटण्याची वेळ, लांबतो. त्यासाठी निकेलला चालणारं आइस मशीन क्लीनरच वापरा. बाथरूमचं ॲसिड वापरलेली प्लेट मी लगेच ओळखतो: निकेलचा मुलामा खरवडल्यासारखा गेलेला असतो आणि खालचं तांबं दिसतं. ती प्लेट पुन्हा कधीच बर्फ नीट सोडत नाही, आणि त्यावरचा बर्फ खाण्यालायकही राहत नाही.

यावर उपाय म्हणून कोणी थेट आरओ लावतं. तिथे एक अडचण आहे. अनेक मशीनमध्ये बर्फाची जाडी ओळखणारा प्रोब पाण्यातून वीज वाहण्यावर चालतो. पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) फारच खाली गेला की प्रोबला पाणी लागूनही समजत नाही, गोठणं थांबत नाही आणि प्लेटवर जाड लादी तयार होते. अशा ठिकाणी आरओत थोडं साधं पाणी मिसळून टीडीएस वर आणावा लागतो.

बर्फाचा चेहरा

आता एक पाट हातात घ्या. माझ्या मते निदानाचा अर्धा भाग इथेच होतो, आणि गडबडीत हाच भाग वगळला जातो. क्यूब एकमेकांना जोडणारी जी पातळ चादर असते ती साधारण ३ मिलिमीटर हवी, आणि पाटभर सारखी हवी.

प्लेटच्या मागे जाऊन एक्सपान्शन व्हॉल्व्हकडून (प्लेटमध्ये द्रव गॅस मोजून सोडणारा व्हॉल्व्ह) येणारी नळी कुठे शिरते आणि सक्शनची नळी कुठून निघते ते बघून ठेवा. मशीनप्रमाणे ते बदलतं. शिरते त्या बाजूला बर्फ चांगला आणि निघते त्या बाजूला पातळ किंवा मुळीच नाही, तर प्लेटच्या शेवटापर्यंत द्रव पोचत नाही. कमी गॅस, उपाशी राहिलेला एक्सपान्शन व्हॉल्व्ह, तुंबलेला ड्रायर (गॅसमधला ओलावा आणि कचरा अडवणारा फिल्टर), किंवा त्या बाजूला पाणीच कमी पडतं, यातलं काहीतरी. उलट, शिरतानाच्या बाजूला पातळ असेल तर व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त उघडा राहतोय अशी शंका घ्या. ठिकठिकाणी भोकं, एखादी ओळ रिकामी, तर आधी पाण्याची वाटप नळी काढून तिची छिद्रं साफ करा. तरीही तीच जागा रिकामी राहिली तर प्लेटमागची तांब्याची नळी तिथे पत्र्यापासून सुटलेली असू शकते. त्याला दुरुस्ती नाही, प्लेट बदलावी लागते.

पाटभर सगळीकडे सारखाच पातळ आणि वेळ मात्र जास्त, तर गॅसच्या सर्किटमध्ये शिरण्याआधी हवा आणि पाणी पुन्हा एकदा बघा.

गेज लावल्यावर

फ्रिजमध्ये सक्शन बऱ्यापैकी एका जागी थांबतं. आइस मशीनमध्ये ते फेरीभर उतरत राहतं, कारण पाणी थंड होतं, मग बर्फ जाड होतो आणि प्लेट आणखी थंड व्हावी लागते. शेवटी प्लेटच्या आत उणे १५ ते उणे २० असतं, म्हणजे आर-४०४ए ला साधारण ३८ ते ३० पीएसआय. म्हणून "सक्शन ४५ आहे" या वाक्याला मिनिट जोडल्याशिवाय अर्थ नाही. सहाव्या मिनिटाला ४५ ठीक आहे, वीसाव्या मिनिटाला तेच ४५ म्हणजे काहीतरी चुकतंय. दर दोन-तीन मिनिटांनी दोन्ही प्रेशर वहीत लिहा आणि पुस्तिकेतल्या तक्त्याशी त्याच हवा-पाण्याच्या ओळीत ताडून बघा.

हेड प्रेशर जास्त असेल तर ते तापमानात बदला आणि जाळीपाशी मोजलेलं तापमान वजा करा. फरक १५ च्या आसपास असेल तर कंडेन्सर आपलं काम करतोय, हवाच गरम आहे. फरक २० च्या वर असेल तर घाण, मंद फॅन, जास्तीचा गॅस किंवा आत शिरलेली हवा. घाण आणि फॅन डोळ्यांनी कळतात. जास्तीच्या गॅसमध्ये कंडेन्सरमधून निघणारी द्रवाची नळी अपेक्षेपेक्षा बरीच थंड लागते, कारण कंडेन्सरचा खालचा भाग द्रवानं भरलेला असतो. हवा ओळखायला मशीन बंद करून, फक्त कंडेन्सरचा फॅन चालवून, सगळं खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ३५ अंशांच्या खोलीत आर-४०४ए चं उभं प्रेशर २२० पीएसआयच्या आसपास यायला हवं. त्याहून ठळकपणे जास्त असेल तर आत हवा आहे. बहुतेक वेळा ती मागच्या वेळी गॅस मारताना होजमधली हवा आधी काढून न टाकल्यामुळे शिरलेली असते.

आता खरा गुंता: सक्शन उतरत नाही, फेरी लांबते, बर्फ होत नाही. इथे तीन संशयित उरतात आणि तिघांची लक्षणं एकमेकांत मिसळतात. हॉट गॅस व्हॉल्व्ह (बर्फ सोडवताना गरम गॅस प्लेटमध्ये सोडणारा) गळतोय, एक्सपान्शन व्हॉल्व्ह जास्त सोडतोय, किंवा कॉम्प्रेसर आतून थकलाय.

सुरुवात हॉट गॅस व्हॉल्व्हनं करा, कारण तो सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त वेळा दोषी निघतो. गोठणं सुरू होऊन पाच मिनिटं झाली की कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या डिस्चार्ज नळीचं तापमान आणि हॉट गॅस व्हॉल्व्हच्या अलीकडच्या नळीचं तापमान घ्या. व्हॉल्व्ह नीट बंद असेल तर त्या नळीतून काही वाहत नाही, आणि ती हळूहळू खोलीच्या तापमानाकडे येते. गळत असेल तर ती डिस्चार्जइतकीच तापलेली राहते. पुस्तकात हे हातानं बघायला सांगितलेलं असतं. नागपूरच्या उन्हाळ्यात हातावर भरवसा ठेवू नका. बंद व्हॉल्व्हची नळीसुद्धा तिथे ४८-५० ला असते आणि चटकाच देते. डिस्चार्ज ९० ला असते, हाताला दोन्ही सारख्याच. नळीला लागणारे दोन क्लॅम्प थर्मामीटर लावा, आणि पाच मिनिटांनी पुन्हा वाचा. एक आकडा खाली येत गेला आणि दुसरा वर राहिला तर व्हॉल्व्ह निर्दोष. दोन्ही बरोबर चालले तर व्हॉल्व्ह बदला. दोन प्लेटच्या मशीनला दोन व्हॉल्व्ह असतात, दोन्ही बघा.

व्हॉल्व्ह ठीक असेल तर एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बल्बकडे या. तो सक्शन नळीला घट्ट बांधलेला आणि वरून इन्सुलेशननं झाकलेला हवा. गरम स्वयंपाकघरात ते इन्सुलेशन दोन-तीन वर्षांत वाळून तडकतं. मग बल्ब नळीऐवजी खोलीची हवा मोजतो, त्याला वाटतं प्लेट उपाशी आहे, आणि तो व्हॉल्व्ह उघडा ठेवतो. व्हॉल्व्ह द्रव जास्त सोडतो, सक्शन चढं राहतं, द्रव कॉम्प्रेसरपर्यंत येतं. पट्टी काढून नळी पॉलिश पेपरनं चकचकीत करा, बल्ब पुन्हा बांधा, नवीन इन्सुलेशन गुंडाळा आणि एक फेरी बघा. अनेक "खराब" व्हॉल्व्ह इतक्यावर बरे होतात.

कॉम्प्रेसरला दोष सगळ्यांत शेवटी. सक्शन चढं, हेड नेहमीपेक्षा खाली, ॲम्पियर नेमप्लेटपेक्षा बरेच कमी, आणि वरचे दोन्ही संशयित सुटलेले असतील, तरच. आणि कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल, गुरगुरून बंद पडत असेल, तर दुपारी सगळ्या एसी चालू असताना, नेमक्या सुरू होण्याच्या क्षणी, कॉम्प्रेसरच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. मीटरपाशी २२० आणि टर्मिनलवर १८० अशी वायरिंग नागपुरात खूप आहे. रिले आणि कपॅसिटरही बदलून बघा. नव्या कॉम्प्रेसरलाही तीच वायर जोडली तर तोही जळेल.

गॅस, शेवटी

शिरतानाच्या बाजूला बर्फ, निघतानाच्या बाजूला नाही, सक्शन खाली, हवा-पाणी ठीक. आता गॅसवर शंका घ्यायला हरकत नाही. आधी ड्रायरच्या दोन्ही टोकांचं तापमान घ्या. आत-बाहेर सारखं हवं. बाहेरचं टोक ठळकपणे थंड असेल तर ड्रायर तुंबलाय आणि गॅस पुरेसा आहे.

त्यानंतर वरून थोडा थोडा गॅस मारून बघणं सोडा. सगळा गॅस रिकव्हरी मशीननं सिलेंडरमध्ये काढा आणि वजन करा. नेमप्लेटवर लिहिलेल्या ग्रॅमइतका निघाला तर सर्किटमध्ये गळती नाही, दोष एक्सपान्शन व्हॉल्व्हचा. कमी निघाला तर गळती. या एका वजनात वाद मिटतो. गॅस हवेत सोडून देऊ नका. आर-४०४ए चा एक किलो हवेत गेला तर त्याची तापमानवाढ जवळपास चार टन कार्बन डायऑक्साइडइतकी असते.

गळती शोधायला कोरडा नायट्रोजन आणि साबणाचं पाणी. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी मिळून स्फोट होतो. तेलाचा डाग दिसेल तिथून सुरुवात करा: सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन आणि टोपी, फ्लेअर, एकमेकांवर घासणाऱ्या नळ्या, प्लेटचे सांधे. सर्व्हिस पिनच्या टोपीतली रबरी रिंग हरवलेली मशीन वर्षाला थोडा थोडा गॅस गमावते, आणि दर वर्षी नवीन गॅस घेते. सांधा भरल्यावर ड्रायर नवीन लावा, पंपानं नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्यूम घ्या आणि पंप बंद करून तो टिकतो का बघा. या मशीनमधलं पॉलिओलेस्टर तेल ओलावा झपाट्यानं पितं, पावसाळ्यात तर नळ्या उघड्या ठेवून जेवायलाही जाऊ नका. मग नेमप्लेटइतका गॅस काट्यावर मोजून, द्रवरूपात भरा. आर-४०४ए हे तीन गॅसचं मिश्रण आहे, वाफेच्या रूपात भरलं तर प्रमाण बिघडतं. नवीन मशीनवर आर-२९० लिहिलं असेल तर तो प्रोपेन आहे. त्याचं प्रशिक्षण नसलेल्यानं तिथे टॉर्च पेटवू नये.

थंडीतला बिघाड

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली येतो. बर्फ सोडवायला लागणारी उष्णता कॉम्प्रेसरच्या गरम गॅसमधून येते, आणि हेड प्रेशर फार पडलं की ती उष्णताच उरत नाही.

अडकलेला पाट हातानं काढून त्याची पाठ बघा. क्यूबच्या कडा वितळून गोल झाल्या असतील तर उष्णता पोचली आहे, बर्फ दुसऱ्या कारणानं अडकला: क्षार, तिरकी बसलेली मशीन, किंवा जास्त जाड चादर. कडा धारदार असतील तर उष्णताच आली नाही. मग हार्वेस्टच्या वेळी हॉट गॅसच्या कॉइलला व्होल्टेज येतं का बघा. कॉइलवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर चुंबकाची ओढ जाणवते. ओढ आहे आणि तरी नळी गरम होत नाही, तर व्हॉल्व्ह आतून अडकलाय.

कॉइल आणि व्हॉल्व्ह दोन्ही ठीक असतील तर कंडेन्सरच्या फॅनकडे बघा. अनेक मशीनमध्ये थंडीत प्रेशर पडलं की फॅन थांबवणारा स्विच असतो. तो चिकटून राहिला की फॅन थंड पहाटेही सतत फिरतो आणि हेड वर चढतच नाही. उन्हाळ्यात हा दोष दिसत नाही, कारण तेव्हा फॅन सतत फिरायलाच हवा असतो. काही ठिकाणी तर मे महिन्यातल्या ट्रिपला कंटाळून कोणीतरी हा स्विच बायपास केलेला सापडतो. तात्पुरती चाचणी सोपी आहे: जाळीचा निम्मा भाग पुठ्ठ्यानं झाकून, गेजवर लक्ष ठेवून एक फेरी चालवा. बर्फ सुटला तर स्विच बदला आणि पुठ्ठा आठवणीनं काढा.

कंडेन्सर गच्चीवर आणि मशीन खाली असेल तर थंडीत हेड सांभाळायला एक व्हॉल्व्ह कंडेन्सरमध्ये द्रव अडवून ठेवतो. त्याला जास्तीचा गॅस लागतो आणि नेमप्लेटवरचं वजन तो धरूनच दिलेलं असतं. मे महिन्यात अंदाजानं काढलेला गॅस इथे कमी पडतो. अशा मशीनमध्ये डिसेंबरात बर्फ सुटत नसेल तर उन्हाळ्यात कोणी गॅस काढला होता का ते आधी विचारा, आणि हो म्हणाले तर भरलेला सगळा गॅस काढून नेमप्लेटच्या वजनानं नव्यानं भरा.